उतार

गाळाच्या दिवसांना आमच्याकडं नाव नाही. पावसाच्या नक्षत्रांना आहे, त्यांच्या वाहनांना आहे. यंदा पाऊस कोल्ह्यावर बसून येणार की म्हशीवर, हे माझ्या यार्डातला गॅसकटर धरणारा माणूसही सांगतो. पण पहिले मोठे पाऊस झाल्यावर धरणाच्या काठी जे दिवस येतात, चालत जायला पाणी जास्त आणि तरंगून जायला कमी, त्यांचं बारसं कुणी केलेलं नाही. उन्हाळाभर भेगाळून पडलेली धरणाच्या पोटातली जमीन त्या दिवसांत काळ्या लोण्यासारखी होते. गाळपेऱ्यातल्या टरबुजांचे उरलेसुरले वेल तिच्यात सडतात. म्हैस उतरत नाही, कुत्रं उतरत नाही. माणूस उतरलाच तर मांडीपर्यंत आत जातो आणि त्याची चप्पल तिथंच राहते. वास येतो शिळ्या पाण्याचा, मेलेल्या शिंपल्यांचा आणि ओल्या लोखंडाचा. मी जन्म लोखंडात काढला, म्हणून मला आधी लोखंडाचा येतो.

यंदाही ते दिवस आलेत. सकाळी डोंगरकडा गावातल्या माझ्या यार्डाची किल्ली जुने वेल्डर रहीमभाई यांच्याकडं टाकली, गाडी काढली आणि कुणाला न सांगता काठावर आले. दरवर्षी येते. काम काही नसतं. समोर बोट बसलेली असते, तिच्यापासून थोडं लांब पाणी असतं, आणि मी दोघांकडं बघत गाडीला टेकून उभी राहते. एकदा केळी नेणारा एक टेम्पोवाला थांबून म्हणाला, "मावशी, बोट सुटायला लई टाइम हाय अजून, उभ्या काहून?" त्याला मी असं काही बोलले की बिचारा हातातला चहा टाकून निघून गेला. मग वाईट वाटलं. माझा राग असाच आहे. ज्याच्यावर यायचा त्याच्यापर्यंत पोचत नाही, वाटेत भेटेल त्याच्यावर निघतो.

उतार हा शब्द माझ्या तोंडात दिवसभर असतो. लोखंडाच्या धंद्यात सकाळचा पहिला फोन भावाचा. भावात उतार आहे का? असला तर माल घ्यायचा, नसला तर समोरच्याला बोलण्यात गुंतवून उतार पाडायचा. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. डोक्यावर तराजू घेऊन गावोगाव भंगार गोळा करत हिंडायचे, तेव्हा फुटक्या घागरीच्या बदल्यात एक वाटी जास्त मागणाऱ्या बायांनी शिकवलं. आता माझ्या यार्डात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात, पाण्याचे टँकर बनतात, आणि कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांवर ट्रकवाले एकमेकांना सांगतात, त्या बाईसंगं भाव करायला बसायचं तर जेवून बस.

पण हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नदीवर. धरणाच्या आधी पैनगंगा आमच्या गावाखालून वाहायची. पलीकडं जायचं तर उतार बघायचा. पाणी घोट्याला आलं, खालची वाळू दिसली, की मोठी माणसं म्हणायची, उतार पडला. मग बैलगाड्या जायच्या, बाजाराची माणसं जायची, परकर गुडघ्यावर धरून आम्ही दोघी बहिणी जायचो. अक्का पुढं, मी मागं. अक्का म्हणजे सुमन, माझी थोरली बहीण. ती म्हणायची, "माझ्या पावलात पाय टाक, शोभे. बाजूला टाकलास तर तुझी तू." मी बाजूला टाकायचे, पडायचे, आणि ती हसत हसत मला दंडाला धरून उठवायची.

अक्काचं लग्न पलीकडच्या गावातच झालं. वरात उतारातून गेली; बैलांच्या शिंगांना बांधलेले गोंडे भिजले होते एवढं आठवतं. आईनं ते स्थळ पसंत केलं त्याचं कारणच हे, पोरगी हाकेच्या अंतरावर राहील. पुढं धरण झालं. आमचं गाव वर सरकलं, तिचंही वर सरकलं, आणि हाकेच्या अंतरात पाणी शिरलं. सडकेनं जायचं तर सगळ्या धरणाला वळसा, एस. टी. बदलत बदलत, सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचणार. कडक उन्हाळ्यात पाणी आटलं की मात्र मधली जुनी नदी उघडी पडायची, तिला तोच जुना उतार पडायचा, आणि अक्का चालत माहेरी यायची. जगातल्या बायांना पंचमीला माहेर. माझ्या बहिणीला दुष्काळात.

मोबाइल आल्यावर आम्ही दोघींनी एक खेळ काढला. ती तिच्या काठावर यायची, मी माझ्या, आणि फोन लावायचो.

"दिसतीस का गं?" मी विचारायचे. "पदर हालव."

पाण्यापलीकडं काहीतरी पिवळं हलायचं.

"तू बी दिसून राहिली," ती म्हणायची. "टिकलीएवढी. जाड झाली काय वं?"

"टिकलीएवढी दिसते तर जाड कशी दिसंल?"

"टिकलीच मोठी झाली ना!"

पलीकडं राहून राहून तिची बोली वऱ्हाडी झाली होती. मले, तुले, काहून. मी चिडवायचे, आता तू तिकडची झालीस. ती म्हणायची, "नवऱ्याची झाली नाई मी अजून, तिकडची कवा होऊ?"

बोटीचं काम निघालं ते एका होळीनंतर. दोन एस. टी. बस, मालाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि वर शे-दोनशे उतारू एका खेपेला नेईल अशी मोठी बोट. एवढी बोट सडकेवरून आणता येत नाही. ती इथंच, धरणाच्या कोरड्या पोटात बांधायची आणि पावसाळ्यात पाणी चढलं की पाण्यानंच तिला उचलायचं. ठेकेदार लांबचा होता. त्याला जवळचे वेल्डर आणि प्लेटा हव्या होत्या, म्हणून तो माझ्या यार्डात आला. मी त्याला दुपारभर बसवून ठेवला, शेवटी तो म्हणाला, "बाई, आता पाणी तरी पाजा." काम मला मिळालं. त्या दिवशी मी अक्काला फोन केला आणि म्हणाले, या पंचमीला तू बोटीनं माहेरी येशील. पहिल्या खेपेला, पहिली उतारू तू. बाकी कुणाला आधी पाय टाकू दिला तर नावाची शोभा नाही.

"पंचमीले?" ती म्हणाली. तिला माहेरच्या पंचमीचा झोका आठवेना इतकी वर्षं झाली होती. "मंग मी नवं लुगडं घेते."

बोटीचा नकाशा होता तांडेल साहेबांचा. कोकणातले, पांढऱ्या केसांचे, भर उन्हात छत्री घेऊन हिंडणारे. मी आवाज चढवला की ते आवाज खाली आणायचे, त्यामुळं त्यांच्याशी भांडण जमायचंच नाही. पहिल्या दिवशी ते धरणाच्या पोटात खूप खाली उतरले, इकडंतिकडं फिरले, आणि एका जागी लोखंडी खुंट्या ठोकून, त्यांना लाल चिंध्या बांधून, खुंटीपासून खुंटीपर्यंत चुन्याची रेघ मारून घेतली. म्हणाले, "बोट इथं बांधायची. पहिलं चांगलं पाणी आलं की इथंच आधी येईल. दोन्ही काठांवरून काँक्रीटचा उतार इथपर्यंत आणायचा, म्हणजे गाळातसुद्धा गाडी थेट बोटीवर चढेल."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गाळाचे दिवस, ज्यांत अक्का ना चालत येऊ शकायची ना कशानं, ते दिवस हा माणूस त्या रेघेनं पुसून टाकत होता.

मग बैठक झाली. सरकारी साहेब होते, दोन्ही गावचे पुढारी होते. साहेबांनी रेघ बघितली आणि म्हणाले, बोट वर घ्या, सडकेजवळ. बोट तरंगण्याचा कार्यक्रम मोठा होणार, मांडव पडणार, पाहुण्यांच्या गाड्या एवढ्या खाली गाळात येणार नाहीत.

तांडेल साहेब म्हणाले, "वर पाणी उशिरा येईल."

"पण येईल ना?"

"येईल."

"मग झालं तर."

मी उठले. म्हणाले, "साहेब, पाहुणे एक दिवस येतील. गाळ दरसाल येतो. पाहुण्यांना ट्रॅक्टरवर बसवून आणते मी खाली, माझ्या खर्चानं."

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "शोभाबाई, तुम्ही लोखंडाचं बघा."

मी चहाचा पेला टेबलावर असा आपटला की साहेबांच्या शर्टावर चहा उडाला. त्यांनी शर्ट बदलला आणि जागाही बदलली. दोन शेतं वर. आयुष्यात मी मोजके सौदे हरले, त्यातला हा एक, आणि यात माझ्या हातात तराजूच नव्हता. "तुम्ही लोखंडाचं बघा." हे वाक्य मला आजही भाकरीतल्या खड्यासारखं मधेच दाताखाली येतं.

बघितलं मग लोखंडाचं. आणि खोटं कशाला बोलू, तो उन्हाळा मला आवडलाही. वरच्या जागी लाकडी ओंडके आणि वाळूची पोती मांडून त्यांवर बोटीचा तळ अंथरला. सपाट तळ, कमरेएवढ्या पाण्यातही तरंगेल असा. सकाळी प्लेटा थंड असायच्या, दुपारी त्यांवर भाकरी भाजली असती. चारी बाजूंना भेगाळलेली जमीन, मधे वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या, आणि टरबूजवाले आपापल्या मांडवातून ओरडून विचारणार, "ओ, ही आगगाडी कुठं जाणार?"

मी तांडेल साहेबांना म्हणाले होते, लोखंड तरंगत नाही, मी जन्मभर विकलंय. त्यांनी माझ्या डब्यातली थाळी घेतली, पाण्याच्या टाकीवर ठेवली, तिच्यात खडे टाकत गेले. थाळी बुडत बुडत खाली गेली पण तरंगत राहिली. म्हणाले, "लोखंड नाही तरंगत. आतली हवा तरंगते. लोखंड तिला धरून ठेवतं."

"म्हणजे भाव हवेचा धरायचा?"

ते हसले. मग तळाच्या प्लेटेच्या जाडीवरून मी घासाघीस सुरू केली. दोन सूत कमी केली तर काय बिघडतं? पोटात भिंती घालून इतके बंद कप्पे कशाला? आमच्या टँकरला एकच पोट असतं. त्यांनी छत्री मिटली. "बाई, एका कप्प्यात पाणी शिरलं तर बाकीचे बोट धरून ठेवतात. आणि भाव तुम्ही माझ्याशी करा, मी कमी करतो. पाण्याशी करू नका. ते कमी करत नाही." त्यानंतर मी जाडीवरून बोलले नाही.

माझ्या माणसांनी एक गंमत केली ती मात्र सगळ्या कोकणात सांगितली असेल त्यांनी. ही बोट दोन्हीकडून सारखी. गाडी एका तोंडानं चढणार, दुसऱ्या तोंडानं उतरणार. वळायचं नाही, मागं-पुढं नाही. पण आमच्या यार्डातून जे काही चाकावर किंवा बिनचाकाचं गेलं, त्याला एका टोकाला ट्रॅक्टरला अडकवायचा हूक असतोच. रहीमभाईंनी बोटीलाही जाडजूड हूक मारला. तांडेल साहेब बघतच राहिले. "हे काय?"

"हूक है साहब," रहीमभाई गंभीरपणे म्हणाले. "बिना हूक का माल अपने यार्ड से आज तक बाहर नहीं गया."

"पण बोटीला ट्रॅक्टर कुठला जोडणार?"

"वो आप देखो. हूक हमने दिया."

साहेब हसता हसता खाली बसले. हूक काढू दिला नाही त्यांनी. म्हणाले, दोर बांधायला होईल.

सांधे तपासायची रीतही मला तेव्हा कळली. सांध्याच्या एका बाजूला चुना फासायचा, वाळू द्यायचा, आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल. सुईएवढं छिद्र असलं तरी चुन्यावर ओला डाग उमटतो. सगळी बोट आतून पांढरी झाली होती, आणि आम्ही कंदील घेऊन तिच्या पोटात वाकून वाकून डाग शोधत होतो. बाहेर चाळीस-बेचाळीसचं ऊन, आत रॉकेलचा वास, आणि माझ्या माणसांची चेष्टा चाललेली, बाई स्वयंपाकघरात अशा कधी वाकल्या नसतील.

आणि मग एक दिवस अक्का आली.

पायी आली. पाणी पार आटलं होतं, जुन्या नदीला उतार पडला होता. टरबुजाच्या वाफ्यांमधून एक पिवळं लुगडं हळूहळू मोठं होत येताना मी बघितलं, टिकलीपासून माणसापर्यंत. गुडघ्यांनी ती वाकली होती, तरी डोक्यावर शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं. बोटीभोवती तिनं एक पूर्ण फेरी घातली, प्लेटेवर हात मारून आवाज ऐकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाणी नाई तं बोट कायले वं? हे पाहा, मी आली ना पायानं. तुही बोट पाहाले मी पायी आली!"

"पाणी येऊ दे, मग बघ," मी म्हणाले.

"ते खाली पांढरं काय आखलं हाय? म्या वरून चालत आली त्याच्या."

"बोट तिथं व्हायची होती."

"मंग?"

"मग पाहुणे येणार हायत."

माझा राग तिला लहानपणापासून ठाऊक. "जाऊ दे ना," म्हणाली. "दोन वावरं वर तं वर. पाण्याले काय पाय नाई?"

दुपारी आम्ही बोटीच्या सावलीत बसून जेवलो. तेव्हा चढणीच्या पुलाचं, म्हणजे बोटीच्या तोंडाला लावायच्या त्या मोठ्या उघडझाप फळीचं काम चाललं होतं. तिचा उतार किती ठेवायचा यावर तांडेल साहेब गणित करत होते. फार उभा झाला तर एस. टी.चं मागचं बुड घासतं. मी म्हणाले, एस. टी.चं बघताय तसं हिचंही बघा. ही चढली पाहिजे. साहेबांनी अक्काला बघितलं, तिच्या गुडघ्यांना बघितलं, आणि फळीच्या एका कडेला फक्त माणसांसाठी पट्टा सोडला. पाय घसरू नये म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या मारायच्या. रहीमभाईंनी विचारलं, पट्ट्या किती किती अंतरावर?

"अक्का, चाल जरा," मी म्हणाले.

ती लाजली. मग लुगडं थोडं उचलून त्या जमिनीवर पडलेल्या फळीवरून चालली, आणि रहीमभाई तिच्या मागून खडूनं खुणा करत गेले. आखूड पावलं, दुखऱ्या गुडघ्यांची. शेवटच्या खुणेवर ती वळून म्हणाली, "मेली, मले नवरीसारखी चालवून राहिली सगळ्या गड्यांसमोर!" पट्ट्या तिथंच बसल्या.

संध्याकाळी ती गेली. जुन्या नदीपर्यंत मी पोचवायला गेले. ती पाण्यात उतरली, पलीकडं निघाली, आणि वळून फक्त पदर हलवला. फोन लावायची गरज नव्हती इतक्या जवळ होती.

त्या वर्षी पाऊस चांगला आला. धरण वरून भरत आलं, जुनी नदी बुडाली, टरबुजांचे मांडव बुडाले. गाळ झाला. पाणी रोज थोडं थोडं पुढं सरकायचं आणि सगळं गाव काठावर येऊन विचारायचं, आज कुठवर? त्या दिवसांत आमच्याकडं कुणी दुसरं काही बोलतच नव्हतं. वर मांडवाचे बांबू रोवले गेले होते.

आणि अक्काला ताप आला. दोन-तीन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग तिच्या मुलाचा, मिलिंदचा, दुपारी फोन आला. "मावशी, आईची छाती भरली. पुसदच्या रस्त्यावरच्या ओढ्याला पूर हाय, गाडी जाऊन नाई राहिली. तुमच्या बाजूनं हिंगोलीले नेता आलं असतं तं..."

मी गाडी घेऊन काठावर आले. भोई लोकांना विचारलं. त्यांच्या होड्या म्हणजे टायरच्या ट्यूबा आणि थर्माकोल. वारा सुटला होता, पाण्यावर हातहात लाटा. त्यांच्यातला वयस्क होता तो म्हणाला, "बाई, बसलेलं माणूस आणतो मी जिवावर. निजलेलं कसं आणू? वारं बसू द्या." त्याच्याशी मी भाव केला. त्याला जे मागेल ते देते म्हणाले. माझ्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघाले असतील. वारं बसलं नाही.

बोटीपाशी तांडेल साहेब उभे होते. ते खाली बघत होते म्हणून मीही बघितलं. खाली, दोन शेतं खाली, त्यांच्या लोखंडी खुंट्या पाण्यात पार बुडून गेल्या होत्या. एकीच्या टोकाची लाल चिंधी तेवढी लाटेबरोबर वर यायची आणि परत जायची. कमरेएवढं पाणी. पुष्कळ होतं. आमची बोट वर कोरड्यात, ओंडक्यांवर, स्वच्छ रंगवलेली, पाहुण्यांसाठी पताका लावलेली. साहेब बोटीच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले फक्त.

मी मिलिंदला फोन लावला, म्हणाले, अक्काला दे. त्यानं तिच्या कानाला लावला. तिचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा.

"अक्का," मी म्हणाले, "उतार पडला का गं?"

तापाचं विचारत होते मी.

"पडला ना," ती म्हणाली. आवाज एकदम लहान, हलका. वऱ्हाडी गळून गेली होती त्यातली. आमच्या गावची, परकरातली बोली होती ती. "पडलाय की. घोट्याएवढंच पाणी हाय. परकर वर धर अन् ये. माझ्या पावलात पाय टाक, शोभे."

मी "येते" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दिवस मावळायच्या आधी ती गेली.

मी सडकेनं वळसा घालून पोचले, तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात मेणबत्ती, उदबत्ती, बुद्धाच्या तसबिरीपुढं फुलं, आणि दोरीवर घडी न मोडलेलं नवं लुगडं. डॉक्टर नंतर म्हणाले, आदल्या दिवशी आणलं असतं तर काही करता आलं असतं. डॉक्टर असं म्हणतातच, हे मला कळतं. त्या दिवशी बोट खाली असती, तर दुपारी वाऱ्यातही निघाली असती का, हिंगोलीला पोचून तिचा श्वास परतला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. मी फक्त एवढं सांगते की रेघेवर पाणी आलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि हे एवढं कुणी माझ्याकडून घेऊ शकत नाही.

बोट पुढं तरंगली. पाण्याला पाय असतात हे अक्काचं खरं ठरलं. ओंडक्यांवरून सुटताना बोटीनं माणूस कण्हल्यासारखा एक आवाज काढला आणि मग शांत हलत राहिली. कलते किती ते बघायला तांडेल साहेबांना वजन ठाऊक असलेला माल हवा होता, म्हणून वसमतहून हळदीची पोती आणली, एका कडेवरून दुसऱ्या कडेला नेली. पोती फुटली असतील एखाददुसरी, सगळी बोट पिवळी झाली. अक्काच्या लुगड्यासारखी पिवळी. अशी पहिली उतारू हळद ठरली. कार्यक्रमाला मी गेले नाही. माझ्यासाठी शाल आणली होती म्हणे. ती अजून कुणाच्या तरी कपाटात असेल.

ते बैठकीतले सरकारी साहेब बदलून गेले. एकदा हिंगोलीत एका लग्नात भेटले. हात जोडून म्हणाले, "शोभाबाई, तुमच्या बोटीनं लोकांची फार सोय झाली." मी म्हणाले, "मी लोखंडाचं बघितलं, साहेब." त्यांना काही आठवलं नाही. हेच मला सोसत नाही. माझ्या छातीत दगड, आणि ज्यानं तो टाकला त्याला आठवतसुद्धा नाही. लोक म्हणतात, सोडून दे, त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. व्हय, मुद्दाम नव्हतं केलं. नुसतं ऐकलं नव्हतं. बाकी कुठल्याही मालावर मी तडजोड करते, यावर करत नाही.

आणि आता बघा गंमत. आता दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट खाली खाली नेतात आणि बरोबर तांडेल साहेबांच्या त्या जागेवर बसवतात. कुणाला सांगावं लागत नाही. सगळ्यांना कळलं, तिथंच आधी पाणी येतं.

तिच्यावरून मी कितीदा पलीकडं गेले. मिलिंदच्या लग्नाला गेले, त्याच्या लेकराच्या नामकरणाला गेले. दरवेळी चढताना बाजूला उभी राहून बघते. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या म्हाताऱ्या बाया त्या कडेच्या पट्ट्यावरून चढतात. खाली न बघता चढतात, कारण पाय आपोआप पट्टीवर पडतो. इतकं बराबर अंतर आहे. कुणाच्या पावलात पाय टाकून आपण चढतोय हे त्यांना ठाऊक नाही. मी शेवटी चढते. बाजूला पाय टाकत नाही.

आज मात्र बोट अजून टेकलेलीच आहे. गाळ चकाकतोय. पाणी तिच्यापर्यंत यायला एखादा मोठा पाऊस हवा. आता काँक्रीटचा उतार तिथवर नेलाय, त्यावरून जाऊन तिच्या हूकवर हात ठेवला, गंजलाय थोडा, घासून घ्यायला सांगायला हवा रहीमभाईंना. तेवढ्यात फोन वाजला. अक्काचाच नंबर. तो आता मिलिंदच्या बायकोकडं असतो, रोहिणीकडं. माझ्या फोनात नाव बदललेलं नाही मी.

"मावशी, काठावर आलात ना? म्या बी आली. दिसून राहिले तुमी."

"केवढी दिसते?"

"टिकलीएवढ्या."

पलीकडं काहीतरी हललं. पिवळं नव्हतं, हिरवं होतं, ओढणी असेल. मी हात हलवला.

"मावशी," ती म्हणाली, "उतार हाय का आता?"

गेल्या महिन्यापासून माझा गुडघा धरलाय, त्याचं ती विचारत होती. किंवा पाण्याचं असेल. मी विचारलं नाही कशाचं.

"न्हाई गं," म्हणाले. "अजून न्हाई पडला."